मुळी इथली, शिक्का तिथला

लेओनहार्ट राऊवोल्फ हा सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य. औषधी वनस्पतींच्या शोधात तो बगदादपर्यंत आला आणि तेथूनच मागे फिरला. भारतभूमीला त्याचे पाऊल कधी लागले नाही. पुढे प्लूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने एका वनस्पतिवंशाला त्याचे नाव दिले आणि या देशातील माणूस जिला पिढ्यान्‌पिढ्या सर्पगंधा म्हणत आला, ती जगाच्या शास्त्रीय नोंदवहीत ‘रावोल्फिया सर्पेंटिना’ म्हणून दाखल झाली. नावाचा हा विनोद सोडून देता येईल. पण त्या मुळीच्या पुढच्या इतिहासात जे घडले ते सोडून देण्यासारखे नाही. कारण मनाची अस्वस्थता शमवणाऱ्या औषधांचे आधुनिक पर्व ज्या थोड्या द्रव्यांपासून सुरू झाले त्यांत ही मुळी अग्रभागी होती, आणि ज्या देशात ती उगवत होती तो देश त्या पर्वात केवळ कच्चा माल पुरवणारा ठरला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत आज तोच खेळ नव्याने मांडला जात आहे, म्हणून तो इतिहास पुन्हा सांगावा लागतो.

बिहारच्या खेड्यापाड्यांत या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. प्रक्षुब्ध झालेल्या माणसाला ती देत, आणि तो शांत होऊन झोपे. १९३१ साली कलकत्त्यात महामहोपाध्याय गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात या मुळीचे चूर्ण वेडाच्या झटक्यांवर आणि उच्च रक्तदाबावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळे काढले. त्यांतील एकाचे ‘अजमलीन’ हे नाव हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ आहे. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या चमूने प्राण्यांवरील प्रयोग केले. हे सारे इंग्रजीत छापले गेले होते. जगाला ते वाचता येत नव्हते असे नाही. जगाला ते वाचावेसे वाटले नाही.

१९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आणले आणि चित्र पालटले. तीच मुळी, तेच गुण. नियतकालिकाचा पत्ता मात्र लंडनचा. तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत ‘रेसरपिन’ हे मुख्य द्रव्य वेगळे झाले आणि ‘सर्पासिल’ या व्यापारी नावाने ते बाजारात आले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते वापरून पाहिले. ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द मनःशामक औषध या अर्थाने रूढ झाला तो याच द्रव्याच्या निमित्ताने. १९५६ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवून दाखवले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना दुसरे द्रव्य टोचून पुन्हा हालते केले, त्यातून मेंदूतील डोपामिनचे कार्य उलगडले आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वकील यांनाही १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, हे नमूद केले पाहिजे. मात्र आपल्याकडील किती वैद्यकीय विद्यार्थ्यांना सेन आणि बोस ही नावे ठाऊक आहेत, हा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयात जाऊन विचारावा.

येथपर्यंतची कथा अनेक व्यासपीठांवरून सांगितली जाते, टाळ्याही मिळतात. ‘आमचे सारे त्यांनी पळवले’ या वाक्याशी ती थांबवणे सोयीचे असते. परंतु १९३१ ते १९४९ ही अठरा वर्षे कोणी पळवली होती? मुळी हाती होती, रुग्ण होते, कलकत्त्यात आणि दिल्लीत रसायनशास्त्रज्ञ होते. परकीय सत्ता होती आणि साधने तुटपुंजी होती हे खरे. पण त्याहून मोठा अडथळा मानसिक होता. इंग्रजी शिकलेल्या डॉक्टराला मुळी ही वैदूची गोष्ट वाटे, आणि वैद्याला चाचणी ही इंग्रजांची. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाझेलची कंपनी निघून गेली.

आणखी एक गोष्ट स्वत्वाच्या अभिमान्यांनी शांतपणे ऐकावी. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत सर्पगंधेचा उल्लेख मुख्यत्वे विषाच्या संदर्भात येतो. उन्मादावरचा तिचा उपयोग टिकवला तो लोकांनी, ज्यांच्या पोथ्या नव्हत्या त्यांनी. ग्रंथ हे आपल्या ज्ञानपरंपरेचे एक अंग आहे. दुसरे अंग रानात, बाजारात आणि स्वयंपाकघरात तोंडी चालत आले आहे. पहिल्याचा जयघोष करताना दुसऱ्याला ‘अडाणी’ म्हणणारे लोक आपल्याही घरांत आहेत. हा भेद पुढे कायद्याच्या कलमांत किती महागात पडतो ते दिसेलच.

सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचा गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचा जवळपास सत्तर टक्के भाग आजही वनाखाली आहे. आलापल्लीजवळच्या ‘वनवैभवा’ला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. या रानात मालकांगोणीच्या वेली झाडांना वेढे घालून चढतात; आयुर्वेद तिला ज्योतिष्मती म्हणतो आणि तिच्या बियांचे तेल बुद्धीला व मज्जासंस्थेला हितकर मानतो. शतावरी आहे, बिब्बा आहे, ओलसर जागी ब्राह्मी आणि मंडूकपर्णी आहेत. गोंड आणि माडिया वस्त्यांतील पुजारी आणि वैदू यांना यांतील कोणती वनस्पती कोणत्या ऋतूत खणावी, कोणती सुकवावी, कोणती गर्भिणीला देऊ नये हे ठाऊक असते. स्त्रियांचे ज्ञान तर वेगळेच. डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांना असलेली झाडांची माहिती नोंदवून ठेवली, म्हणून शहरी वाचकाला ती कळली तरी. एरवी वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला ज्या झाडाचे नाव सांगता येत नाही, त्याच्या सालीचा, पानाचा आणि फळाचा निरनिराळा उपयोग सांगणारी बाई आठवडी बाजारात मोहफुले विकत बसलेली असते आणि तिला कोणी काही विचारत नाही.

पुजाऱ्याच्या प्रत्येक उपायात औषध असते असा याचा अर्थ नाही. काही भाग विधीचा असतो, काही आधाराचा, आणि काही वेळा निव्वळ अपायाचा. भानामतीच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत, आणि २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. म्हणूनच निवड करावी लागते, आणि ती निवड करण्याचे साधन विज्ञानाने दिलेले आहे. ते साधन परके नाही. जो वापरील त्याचे ते आहे.

हे साधन चालते कसे? अधिकच्या चिन्हासारखी चार बाहूंची, जमिनीपासून उंच उचललेली एक पाटी घेतात. दोन बाहूंना भिंती असतात, दोन उघडे असतात. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो. भीती ओसरली की तो उघड्या बाहूंवर फिरू लागतो. काही उंदरांना परीक्षेतील वनस्पतीचा अर्क, काहींना डायझेपाम हे परिचित औषध, काहींना काहीच नाही, असे करून वेळ मोजतात. मालकांगोणीच्या तेलाची अशी परीक्षा भारतीय प्रयोगशाळांत झाली आहे आणि तीत भीती घटल्याची चिन्हे दिसली आहेत. पण उंदराची भीती म्हणजे माणसाची चिंता नव्हे. त्यापुढची पायरी माणसांवरील चाचणीची. एका गटाला औषध, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळाले ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. उंदरांवरील निबंधांचे गठ्ठे घेऊन पीएच.डी. मिळतात आणि मालकांगोणी तेथेच थांबते. प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंतचा रस्ता आपल्याकडे फारसा कोणी बांधलाच नाही.

जर्मनीत काय झाले ते पाहावे. लॅव्हेंडरचे फूल युरोपात आजीबाईच्या बटव्यातले. उशीत घालावे, अंघोळीच्या पाण्यात टाकावे. एका जर्मन कंपनीने त्याच्या तेलाचे प्रमाण ठरवले, ऐंशी मिलिग्रॅमची कुपी केली आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ती थेट लोराझेपाम या नामांकित चिंताशामक औषधासमोर उभी केली. सहा आठवड्यांत दोन्हींचा परिणाम साधारण सारखा दिसला. ती चाचणीही लहानच होती, सत्तरपंचाहत्तर रुग्णांची. पुढे आणखी झाल्या. आज ते तेल जर्मनीत औषध म्हणून मान्यता घेऊन विकले जाते. लॅव्हेंडरमध्ये जे आहे ते मालकांगोणीत नसेलही. पण ‘नाही’ म्हणण्यासाठीसुद्धा कोणीतरी तपासलेले असावे लागते.

आपल्याकडे तपासण्याआधी जाहिरात होते. अश्वगंधेचे उदाहरण ताजे आहे. २०१२ साली हैदराबादेत चौसष्ट जणांवर साठ दिवसांची एक चाचणी झाली. मुळाचा प्रमाणित अर्क घेणाऱ्यांचा मानसिक ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल दोन्ही कमी झाले. आरंभ उत्तम होता. त्यानंतर काही चाचण्या झाल्या, पण बहुतेक लहान आणि अल्पकाळाच्या, आणि अनेक तर अर्क विकणाऱ्यांच्याच मदतीने. दुसरीकडे दुकानांतून अश्वगंधेच्या गोळ्या, चहा, बिस्किटे, चॉकलेटे यांचा पूर आला. मुळाच्या नावाखाली स्वस्त पानांचा अर्क मिसळला जाऊ लागल्याने २०२१ मध्ये आयुष मंत्रालयालाच पाने वापरू नका असे सांगावे लागले. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी परदेशांतून येऊ लागल्या आणि २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध येथे मोठा संताप व्यक्त झाला. तिचा शास्त्रीय आधार दुबळा होता असे म्हणायला जागाही आहे. पण दुबळ्या आधाराला उत्तर भक्कम आधाराने द्यावे लागते, आणि तो तयार करण्यात या व्यापाऱ्यांपैकी कितीजणांनी पैसा घातला? स्वदेशीचा शिक्का मारून भेसळ विकणारा माणूस परकीय कंपनीपेक्षा जास्त नुकसान करतो. परकीय कंपनी फक्त नफा नेते. हा विश्वास नेतो. शिवाय, नैसर्गिक ते निरुपद्रवी हा समज तर सर्पगंधेनेच खोटा ठरवला आहे. रेसरपिनने अनेकांना विषण्णतेच्या गर्तेत लोटल्याचे दिसून आले आणि पुढे त्याचा वापर ओसरला, तो उगाच नाही.

हा सारा वाद चार भिंतींतला वाटत असेल तर वनजिल्ह्यांतील माणसाच्या मनाकडे पाहावे. अनेक दशके गडचिरोलीचे खेडे दोन बंदुकांच्या मध्ये जगले. रात्री दारावर थाप पडली तर ती कोणाची, हे उघडल्यावरच कळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा माओवाद्यांचा म्होरक्या सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. बंदूक खाली ठेवता येते. तिने मनात घातलेली धास्ती त्याच दिवशी उतरत नाही. चंद्रपूरच्या बाजूला ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात पहाटे मोहफुले वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईला वाघाची भीती असते. ती भीती आजार नव्हे, शहाणपण आहे. तिच्यावर कोणतेही औषध नाही आणि असू नये. पण वाघाने घरातला माणूस नेल्यानंतर वर्षानुवर्षे झोप उडालेल्या घराला उपचाराची गरज असते.

तो उपचार कोठे मिळतो? राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर येथे. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले, गडचिरोलीच्या महाविद्यालयाचे उद्घाटन २०२४ मध्ये झाले. त्यांचे स्वागतच आहे. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात जी बारा राज्ये घेतली गेली त्यांत शेजारचे छत्तीसगड आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात मानसिक आजारांच्या बहुतेक प्रकारांत दहापैकी सातहून अधिक रुग्ण उपचाराविना आढळले. मग रिकाम्या जागेत अल्प्राझोलाम येते. बेंझोडायझेपिन गटातील ही गोळी लवकर गुण देते आणि लवकर सवय लावते. एकाएकी बंद केली तर आधीपेक्षा जास्त अस्वस्थता, प्रसंगी झटकेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या साऱ्या गटावर परावलंबनाचा ठळक इशारा छापण्याचा आदेश दिला. आपल्याकडे २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीप्रमाणे तिच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपायची आहे. ती वही तालुक्याच्या गावात कोणी उघडून पाहतो काय?

आता हक्काचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(क) मध्ये नव्हे, तर त्याच यादीच्या जरा खाली, जेथे बहुतेक अधिकाऱ्यांची नजर पोचत नाही तेथे, जैवविविधतेशी निगडित बौद्धिक संपदेवर आणि पारंपरिक ज्ञानावर वननिवासी समूहाचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळ्या आणि कंद आहेतच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार घेतला. बांबूच्या बाबतीत जे झाले ते मुळीच्या बाबतीत का होऊ नये? बांबू मोजता येतो, ट्रकमध्ये दिसतो. ज्ञान दिसत नाही. ते एकदा सांगितले की गेले.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा ज्ञानाच्या व्यापारी वापरातील लाभाचा वाटा स्थानिकांना देण्याची तरतूद केली. हा वाटा भारतीय कंपन्यांनीही द्यायचा आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात दिला. तो योग्यच होता. लूट स्वकीयाने केली म्हणून ती पूजा ठरत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर आणि लागवडीतील औषधी वनस्पती यांना लाभवाटपातून सूट मिळाली. वैद्यांचा जाच कमी व्हावा हा हेतू चांगला. परंतु मालकांगोणी ग्रंथात आहे आणि माडिया पुजाऱ्याच्या स्मरणातही. कंपनी वेल ओळखायला पुजाऱ्याला पुढे घालील आणि पैसे देण्याची वेळ आली की ग्रंथाचे पान पुढे करील. ही पळवाट बुजवली नाही तर १९३१ ची कथा परकीयांशिवायही घडवून दाखवता येईल.

दरम्यान मुळी संपत आहे. सर्पगंधेचे मूळच औषध, त्यामुळे काढणे म्हणजे झाड मारणे. १९५० च्या दशकातील मागणीने देशभर तिचे रान ओरबाडले गेले, पुढे कंपन्या आफ्रिकेतील तिच्या बहिणीकडे वळल्या आणि १९९० मध्ये भारतीय सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेली. पूर्व विदर्भात ती शोधावी लागते.

करायचे काय, हे अवघड नाही. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये आहेत, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ब्राह्मीवर केलेल्या कामाचा अनुभव देशापाशी आहे. ग्रामसभांनी आपल्या ज्ञानाची नोंद स्वतःच्या नोंदवहीत, स्वतःच्या अटींवर करावी. विद्यापीठाने एकच वनस्पती निवडावी, मालकांगोणी असेल तर मालकांगोणी, आणि उंदरापासून माणसापर्यंतचा सारा रस्ता चालावा. निकाल प्रतिकूल आला तर तोही छापावा. खर्च सरकारने करावा, विक्रेत्याने नव्हे. ग्रामसभेशी करार चाचणीच्या आधी व्हावा. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या बाईसमोर जे संमतिपत्र वाचले जाईल ते तिच्या माडियात असावे. भामरागडच्या पलीकडच्या गावांत मराठीसुद्धा दुसरी भाषा आहे, इंग्रजीची गोष्ट दूरच.